तो आजार ‘अल्पसा’ नव्हता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी भाद्रपदात आपल्या अंकात ‘निधन वार्ता’ सदरात चार ओळी छापून आल्या होत्या. वडगावचे रहिवासी, बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डर, वय ५१, यांचे अल्पशा आजाराने निधन. पश्चात आई, पत्नी, मुलगा, मुलगी, विवाहित बहीण असा परिवार. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी आठ वाजता. ती विवाहित बहीण मी. मजकूरही मीच लिहून दिला होता. माणसं स्मशानातून परत यायच्या आत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून.

‘अल्पशा आजाराने’ हे शब्द लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. लहानपणापासून वाचत आलेली ओळ, ती आपोआप उतरली. दुसऱ्या दिवशी छापून आलेलं वाचलं आणि पोटात कालवलं. त्याचा आजार बारा वर्षं चालला होता, त्याच्या रक्तात तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यातली पहिली पाच वर्षं तो मागे फिरवता आला असता. माझ्या भावाला दारूनं यकृताचा सिरोसिस झाला, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होऊन निकामी झालं, आणि त्यानं तो गेला. हे आता मी उघड लिहिते आहे. आईला, भावजयीला आणि भाच्याला विचारून लिहिते आहे. नाव तेवढं छापू नका, भाचीचं लग्न ठरायचं आहे.

मी एकतीस वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. शहापूर, खासबाग, अनगोळ, मच्छे, पिरनवाडीपासून पार खानापूर-जांबोटीपर्यंतच्या माणसांच्या दंडाला रबर बांधून मी रक्त काढलं आहे. डॉक्टर नाही, पण नळी हातात घेतली की काही गोष्टी रिपोर्टच्या आधी कळतात. रक्ताची नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली की लाल भाग खाली बसतो आणि वर सीरम राहतं, फिकट, गवती चहाच्या रंगाचं. कावीळ असली की ते हळदीच्या पाण्यासारखं दिसतं. रोज पिणाऱ्या काही जणांचं तर दुधाळ दिसतं, कारण रक्तात चरबी तरंगत असते. अशा किती नळ्या पाहिल्या त्याचा हिशेब नाही.

भावाची पहिली नळी २०१२ सालची. अंगात कसकस म्हणून आला होता. मी आपली सवयीनं लिव्हरची तपासणीही लावली. एसजीओटी ९६ आणि एसजीपीटी ४५ आली. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी ही दोन द्रव्यं. दोन्ही साधारण चाळीसच्या आत असावी लागतात. त्याहून मोठी खूण अशी की पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होता. साध्या काविळीत बहुधा उलटं असतं. पहिला आकडा दुपटीवर गेला की लॅबमधले आम्ही एकमेकांकडे बघतो, बोलत नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, नॉर्मल, भूक चांगली, वजन चांगलं, पोटात दुखत नाही.

हे दुखत नाही ना, तिथंच सगळा घात आहे. दीड किलोचा हा अवयव बरगड्यांच्या आड गप बसून काम करतो आणि बहुतांश निकामी होईपर्यंत तक्रार करत नाही. दात किडला तर माणूस रात्रभर झोपत नाही. लिव्हर किडत असताना माझा भाऊ रोज दोन भाकऱ्या खाऊन घोरत होता.

तो बेवडा नव्हता. हे मी भावाची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. आपल्याकडे गटाराच्या कडेला पडतो, बायकोला मारतो, पगार उडवतो तो बेवडा, आणि बाकीचे ‘घेतात कधीतरी’. भाऊ पगार बायकोच्या हातात द्यायचा. गल्लीत शांत माणूस म्हणून नाव. १९९३ला विसाव्या वर्षी फौंड्रीत लागला. चौदाशे अंशाच्या आसपास तापलेलं लोखंड लॅडलमधून साच्यात ओतायचं, दिवसभर वाळूत. घरी आला की नाकपुड्या काळ्या. दुसरी पाळी सुटली की चौघं-पाच जण मिळून बसायचे. पोटात गेली की छातीतली धूळ धुऊन निघते, असं जुन्या कामगारांनी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. धूळ फुप्फुसात असते आणि दारू जाते जठरात, हे मी त्याला चित्र काढून दाखवलं होतं. हसला होता.

आधी सराईची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, पाकिटं होती. १ जुलै २००७पासून कर्नाटकात सराई बंद झाली, तेव्हा आमच्या गल्लीत बायकांनी मारुतीला नारळ फोडले. थोड्याच दिवसांत त्याच माणसांच्या खिशात व्हिस्कीचे कागदी डबे आले, नव्वदचे आणि एकशेऐंशीचे. माझ्या भावाचं माप होतं रोज एक क्वार्टर, पगाराच्या दिवशी दीड.

एका क्वार्टरमध्ये किती असते? एकशेऐंशी मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. रात्री अकराला माणूस आडवा झाला तरी त्याचं यकृत पहाटेपर्यंत तिसरी पाळी करत असतं. दारू मोडताना वाटेत ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं, ते यकृताच्या पेशींनाच भाजतं. चरबी जाळायचं रोजचं काम बाजूला पडतं आणि चरबी तिथंच साचत जाते. हे वर्षाचे तीनशे दिवस. ‘मी फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचं लेबल वाचावं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या साडेसहाशे मिलीच्या एका बाटलीत चाळीस ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे क्वार्टरचा दोन तृतीयांश भाग.

आणि इतकी पिऊनही झोकांडी जात नाही, याचा आपल्याकडे अभिमान असतो. ‘त्याला पचते’ म्हणतात. सवयीनं मेंदू सरावतो, दारू मोडणारी यंत्रणा वेगानं चालायला लागते, म्हणून झिंग कमी येते. यकृत त्या वेगानं जास्तच भाजून निघतं. न झिंगणाऱ्याची काळजी जास्त करायला हवी.

आणखी एक समज आमच्या भागातला. इकडची दारू भेसळीची, गोव्याची प्युअर, ती बाधत नाही. चोर्ला घाटातून येणाऱ्या पाहुण्याला त्यासाठीच तर निरोप दिलेला असतो. काजूची फेणी तर औषधच मानतात. हातभट्टीत मिथेनॉल निघालं तर डोळे आणि जीव जातो, ते संकट खरंच आहे. पण सिरोसिस होतो तो भेसळीनं नव्हे, चांगल्या, सीलबंद, कर भरलेल्या इथेनॉलनं. ते गोव्यात आणि बेळगावात एकच असतं. पिण्याआधी चमचाभर तूप खाल्लं किंवा सोबत गावठी कोंबडी असली, तरी फरक एवढाच की चढायला वेळ लागतो.

२०१२च्या नोव्हेंबरात भावानं मित्रांबरोबर अय्यप्पा स्वामींची माळ घातली. काळे कपडे, अनवाणी, भल्या पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, एकवेळ जेवण, एक्केचाळीस दिवस दारूचा थेंब नाही. तो शबरीमलैला निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला लॅबमध्ये बोलावून रक्त काढलं. एसजीओटी ३८, एसजीपीटी ३४. सीरम फिकट, स्वच्छ. त्या नळीकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. साचलेली चरबी दोन ते सहा आठवड्यांत उतरायला लागते हे पुस्तकात वाचलं होतं, घरच्या माणसाच्या रक्तात पहिल्यांदा पाहिलं. शरीराच्या दुसऱ्या कुठल्या अवयवाला हे इतकं जमत नाही. म्हणून तर मघाशी म्हटलं, पाच वर्षं हा आजार मागे फिरवता आला असता.

माझं चुकलं ते इथं. मी आनंदानं त्याला रिपोर्ट दाखवला. त्यानं तो घडी करून पाकिटात ठेवला. माळ उतरवल्यावर आठवड्याभरात पुन्हा बसायला लागला आणि मी बोलले की तो कागद काढायचा, “अक्का, बघ की, कागदावरच आलंय. तूच काढलंयस रक्त.” माळेमुळे सुधारलेल्या आकड्यांचा त्यानं परवाना करून घेतला. आपल्याकडे श्रावण पाळणारे हजारो आहेत. महिनाभर राहू शकतो म्हणजे मला व्यसन नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. भावालाही तसंच वाटायचं. आणि मीही पुढे वर्षानुवर्षं त्याची तपासणी लावली नाही. घरात वाद नको होता. लॅबमध्ये अनोळखी माणसाला मी दोन शब्द सांगायची, सख्ख्या भावाला सांगायची नाही.

२०१७ला आजोळच्या गावची लक्ष्मीची यात्रा होती, कित्येक वर्षांनी भरलेली. घरोघरी पाहुणे, मटण, मंडप, आणि आठ दिवस सकाळपासून बाटल्या. परत आला तो पिवळा होऊन. डोळे, नखं, लघवी, सगळं पिवळं. ताप होता, उजव्या बरगडीखाली हात लावू देईना. घरच्यांनी मला न कळवता एका खेड्यात काविळीचं औषध द्यायला नेलं. तिथं नाकात थेंब सोडले, मनगटावर डाग दिला आणि पथ्य सांगितलं, तेल-तिखट बंद, डाळ बंद, फक्त पेज, ताक आणि उसाचा रस. साध्या काविळीच्या रोग्याला यातलं काही दिलं, न दिलं, तरी तो बहुधा आपोआप बरा होतो, म्हणून त्या औषधांचं नाव झालेलं असतं. दारूनं सुजलेल्या यकृताची कावीळ वेगळी. तिच्यात माणूस आधीच आतून उपाशी असतो. त्याला अंडी, डाळ, दूध, मासे, पोटभर अन्न लागतं, झोपण्यापूर्वीही काही खायला लागतं. माझ्या भावाला नेमकं त्या दिवसांत पेजेवर ठेवलं.

शिवाय दारू एका दिवसात बंद झाली होती. तिसऱ्या रात्री त्याचे हात लटलटायला लागले, घामानं अंथरूण भिजलं. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून तो हातानं पुसत होता. मग ओरडायला लागला की भट्टी फुटलीय, लोखंड घरात येतंय, पोरांना बाहेर काढा. आईनं देवऋषी बोलावला. यात्रेत काही ओलांडलं असेल म्हणाला. चौथ्या दिवशी सकाळी भावजयीनं मला फोन केला, “वन्सं, हे मला ओळखेनात.”

वर्षानुवर्षं रोज जास्त पिणाऱ्यानं एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होऊ शकतं, झटके येऊ शकतात, जीवही जातो. ते भूत नव्हे. ‘सोडली म्हणून अंगावर आलं’ असं म्हणून पुन्हा घोटभर पाजणारी घरं मला माहीत आहेत. सोडायचीच, पण अशा माणसानं डॉक्टरच्या देखरेखीखाली. दवाखान्यात दिवसाला काही गोळ्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि शांत खोली एवढ्यावर चार-पाच दिवसांत तो माणसात आला.

तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफीची फिल्म उजेडाला धरून सांगितलं की यकृत गाठाळ व्हायला लागलंय, व्रण धरलेत. हे व्रण सहसा पूर्ण जात नाहीत. पण आजपासून थेंब घेतला नाही तर उरलेल्या यकृतावर हा माणूस नातवंडं बघेल. भावानं ऐकलं. खरंच ऐकलं. जवळजवळ तीन वर्षं त्यानं हात लावला नाही. तुळशीची माळ घातली, आषाढीला पंढरपूरला जाऊन आला, गालावर मांस आलं.

मग मार्च २०२०. फौंड्री बंद. पगार नाही. मुलाचं शिक्षण अर्धवट. त्या दीड महिन्यात तो दिवसभर दारातल्या कट्ट्यावर बसून असायचा. ४ मे रोजी दारूची दुकानं उघडली तेव्हा रांगा लागल्या होत्या, त्यांचे फोटो आपल्याही अंकात आले असतील. त्या रांगेत माझा भाऊ होता. तुळशीची माळ काढून देवघरातल्या वाटीत ठेवून गेला होता. ती वाटी भावजयीनं अजून हलवलेली नाही.

पुढचं लवकर झालं. आधी पँटचं बटण लागेना. लोक म्हणाले, घरी बसून पोट सुटलं. पण पोट पुढे आणि दंड काटक्या, अशी चरबी असत नाही. तळहात लालभडक झालेले, ते तो भट्टीच्या धगीवर घालायचा, भट्टी बंद असतानासुद्धा. छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा. पोट पुढे आलं तो जलोदर होता. पहिल्या खेपेला पोटातून पाच लिटर पाणी काढलं. पिवळसर, फेसाळ पाणी बाटल्यांत पडत होतं आणि तो मला विचारत होता, “अक्का, एवढं पाणी मी कधी प्यालो गे?”

त्याला शेताच्या भाषेत सांगितलं, कारण आमचं बालपण येळ्ळूरच्या भातशेतीत गेलं. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या पाटानं यकृतात शिरतं. यकृत व्रणांनी कडक झालं की पाट तुंबतो. तुंबलेलं पाणी काय करतं? बांधातून पाझरतं, ते हे पोटातलं पाणी. आणि दुसऱ्या बारक्या सरीतून वाट काढतं. त्या सरी म्हणजे अन्ननलिकेच्या शिरा, ज्या एवढं रक्त वाहायला केलेल्याच नाहीत. त्या फुगतात आणि एके दिवशी फुटतात. भावाच्या शिरा २०२३च्या दिवाळीत फुटल्या. मशेरीच्या रंगाची उलटी, मग लाल, बादलीभर. दुर्बीण घालून शिरांना रबरी बँड लावले म्हणून त्या खेपेला वाचला. फुटायच्या आधीच्या आठवड्यात शौचास डांबरासारखी काळी होत होती, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून रोज दुखण्याच्या गोळ्या घेत होता. सिरोसिसच्या माणसाला या गोळ्या म्हणजे रक्तस्रावाला आणि किडनी बंद पडायला आमंत्रण. दुकानदाराला तरी काय माहीत, समोर कोण उभा आहे ते.

मग सही बिघडली. बँकेतून पैसे काढायला गेला तर सही जुळेना. तीनदा केली, तिन्ही वेगळ्या. बँकेतल्या मुलीनं आदरानंच परत पाठवलं. तो घरी येऊन वहीच्या पानावर सही गिरवत बसला, शाळेतल्या मुलासारखा. ते पान माझ्याकडे आहे. पहिल्या ओळीत आडनाव पूर्ण आहे, खाली खाली अक्षरं एकमेकांवर चढत गेलीत, शेवटी नुसत्या रेघा. यकृत रक्तातला अमोनिया काढू शकत नाही तेव्हा तो मेंदूत जातो. दिवसा झोप, रात्री जाग. हात पुढे धरायला सांगितले की पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडतात. चिडचिड, मग भ्रम, मग बेशुद्धी.

त्यावर एक गोड पातळ औषध देतात, दिवसातून दोन-तीन वेळा शौचाला पातळ व्हावी म्हणूनच देतात, म्हणजे अमोनिया त्या वाटेनं जातो. भावजयीला वाटलं औषधानं जुलाब लागलेत, माणूस आधीच अशक्त. तिनं ते बंद केलं. दोन दिवसांत तो बेशुद्ध. डिस्चार्ज कार्डावर सगळं लिहिलेलं होतं, इंग्रजीत. सोबतचा छापील कागद कन्नडमध्ये. भावजय मराठी शाळेत सातवी शिकलेली. ती शब्द न शब्द वाचते, आपला पेपर रोज पहिल्या पानापासून वाचते. त्या कार्डावरची एक ओळ मराठीत असती तर ती चूक झाली नसती. कुणाच्या भाषेशी माझं भांडण नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसणारीला वाचता येईल असं लिहा, एवढंच म्हणणं आहे.

शेवटी यकृत बदलायचा विषय निघाला. बेंगळूरला विचारलं. वीस लाखांच्या पुढचा आकडा सांगितला आणि घरातला दाता हवा. मी तयार होते. माझ्या तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की माझ्याच यकृतात चरबी आहे, शुगर आणि वजनामुळे. आयुष्यात थेंब न घेतलेली मी. (मधुमेह असलेल्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावं. आणि शुगर असून पिणाऱ्यांनी तर फारच.) भाचा पुढे झाला, पण तोवर भावाच्या किडन्या बसल्या होत्या. गणपती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो गेला.

आता जे मागायचं आहे ते मागते.

फौंड्री आणि मशीन शॉपच्या मालकांना हात जोडून विनंती आहे. वर्षातून एकदा कामगारांची छाती, डोळे, कान तपासता. त्यात लिव्हरच्या तपासण्या आणि प्लेटलेट मोजणी घाला, फारसा खर्च येत नाही. रिपोर्ट कामगाराच्या हातात द्या, सुपरवायझरच्या नको, नाहीतर नोकरी जाईल या भीतीनं कुणी दंड पुढे करणार नाही. आणि कामगार बांधवांनो, एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल आली तर माझ्या भावासारखी घडी घालून पाकिटात ठेवू नका. सिरोसिस पुरता झाल्यावरही हे आकडे कधीकधी नॉर्मल दिसतात. प्लेटलेट कमी होत जाणं, अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) उतरणं, सोनोग्राफी, हे सगळं एकत्र बघावं लागतं. किती पिता ते डॉक्टरला खरं सांगा, निम्मं करून सांगू नका.

यात्रा कमिट्यांना आणि मंडळांना मी काय सांगणार? आमच्या भागात भाषेच्या प्रश्नावर गावं एका रात्रीत एक होतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. यात्रेच्या आठ दिवसांत गावाच्या वेशीवर रक्त तपासणीचं एक टेबल मांडायला एवढंसुद्धा बळ लागत नाही. कुणी मांडत असेल तर निवृत्त झालेली असले तरी माझा हात अजून स्थिर आहे, मी येईन.

सोडू पाहणाऱ्यांसाठी १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे, तिथं व्यसनावर उपचार होतात. तिथं जाणं म्हणजे वेड लागलंय असं नव्हे. डिमहान्सचं हे मला २०१७ला कुणी सांगितलं असतं, तर तीन वर्षं एकट्यानं निभावलेल्या माझ्या भावाला २०२०च्या त्या दीड महिन्यात कुणाशी तरी बोलता आलं असतं.

आणि आपल्याला एक विनंती. येत्या आठवड्यात त्याचं वर्षश्राद्ध आहे. जाहिरातीचा मजकूर सोबत जोडला आहे, पैसे भरले आहेत. त्यात ‘यकृताच्या सिरोसिसने निधन झाले, त्यास वर्ष होत आहे’ असं लिहिलं आहे. आपल्या काउंटरवरच्या मुलानं तो वाचून विचारलं, “मावशी, नेहमीसारखं ‘दुःखद निधन’ करू का?” जागा कमी पडली तर पश्चात परिवाराची ओळ गाळा, आईची आणि माझी दोघींची हरकत नाही. आजाराचं नाव तेवढं राहू द्या.

आपली,
एक वाचक भगिनी
(निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ), वडगाव, बेळगाव